पुकारले असता गैरहजर

वाचा, वाचा, मी कुठे नको म्हणतोय — मी फक्त एवढंच म्हणतोय मॅडम, की नक्कल ताडायची म्हणजे मूळ कागद आणि प्रत शेजारी शेजारी ठेवायची, वरून खाली एक नजर टाकायची आणि सही ठोकायची, बास. तुम्ही अक्षरन् अक्षर वाचत बसलाय. साडेतीन वाजून गेले. ती मुलगी सकाळी अकरापासून बाहेरच्या बाकावर बसलीय, तिला आज प्रत द्यायचीय, आणि तुम्ही अजून अकराव्या पानावर. ही बघा माझी सही — 'नक्कल करणार'. खाली तुमची — 'ताडून पाहणार'. एकतीस वर्षं झाली नोकरीला, त्यातली अठरा या टेबलावर, अख्खं कोर्ट मला नक्कलबापू म्हणतं, न्यायाधीशसुद्धा पाठीमागे म्हणतात. माझी नक्कल आजवर कुणी ताडलेली नाही. सही करतात आणि चहाला जातात. तुम्हाला इथे येऊन किती दिवस झाले? बारा. बारा दिवस.

बरं, एक चांगलं आहे तुमचं, पान उलटताना बोटाला थुंकी लावत नाही. इथे सगळे लावतात. हा प्रत्येक पानाचा खालचा कोपरा बघा, काळा पडलाय — मळ नाही तो, थुंकी आहे. वकिलांची, वकिलांच्या कारकुनांची, शिरस्तेदाराची, माझी. एकोणीस वर्षांची थुंकी वाळलीय तिथे आणि आपण त्यावर बोट ठेवून न्याय शोधतोय. मला किळस येते हो. घरी गेलो की आधी साबणाने हात धुतो, पार कोपरापर्यंत, बायको म्हणते तुम्ही कोर्टात कामाला आहात की दवाखान्यात. तिला काय सांगणार. दवाखान्यात निदान फिनेल तरी मारतात. इथे तो मागच्या संडासाचा वास, उंदरांच्या लेंड्या, फायलींच्या पाठीची खळ खाणारी झुरळं — आणि वर ती माणसं. जिन्यात बसलेली, भिंतीला टेकून टेकून भिंत तेलकट केलेली. 'साहेब, आमचं काय झालं?' तुमचं काय झालं ते मला कसं कळणार? मी कारकून आहे, ज्योतिषी नाही. पण तीच माणसं, तेच तोंड, तोच प्रश्न, एकतीस वर्षं. विटलो मी.

आणि तुम्ही वकिलीची पदवी घेऊन कारकून झालात. वाईट वाटून घेऊ नका, पण मला हसू आलं होतं. तुमच्या भरतीची जाहिरात मी वाचली होती, बाहेर फळ्यावर मीच लावली — कोणत्याही शाखेची पदवी, टंकलेखन मिनिटाला तीस शब्द, संगणकाचं प्रमाणपत्र, सुवाच्य अक्षर, आणि शेवटी चारित्र्य चांगलं असल्याबद्दल दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे दाखले. माझ्या वेळीही होते ते दोन दाखले. माझा एक दाखला दिला डॉक्टरांनी, त्यांनी मला आयुष्यात एकदाच पाहिलेलं, गोवर आला होता तेव्हा. दुसरा दिला काकांच्या घरमालकाने, त्याने तर तेवढंही पाहिलं नव्हतं. झालं, माझं चारित्र्य सिद्ध झालं. पण खरी पात्रता काय लागते ते कुणी छापत नाही. बूड जड लागतं. कान असे लागतात की सगळं ऐकू यावं आणि विचारलं तर काहीच ऐकलेलं नसावं. आणि डोळे — समोर माणूस उभा असला तरी त्याच्या हातातला कागद तेवढा दिसला पाहिजे. माणूस दिसायला लागला की कारकून कामातून गेला. मी तेहतीस शब्दांनी परीक्षा पास झालो, पण हे डोळ्यांचं मला नोकरीत शिकावं लागलं, आणि शिकलो. फार चांगलं शिकलो.

पैशाचं म्हणाल तर — ते मात्र नाही. विचारा कुणालाही. शिरस्तेदार खायचा, शिपाई खायचे, मी कुणाचा फुकटचा चहासुद्धा प्यालो नाही. घरून डबा, घरून पाण्याची बाटली. वकील म्हणायचे, नक्कलबापू म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस. बरं वाटायचं ऐकून, खोटं कशाला बोलू. आता ऐकवत नाही.

काय करताय? पानं मोजताय? — अहो, मोजायची कशाला, वर यादी आहे की. यादीत बेचाळीस, प्रतीत बेचाळीस. मिळालं. मूळ फायलीत त्रेचाळीस कशी असतील, एखादं दोनदा मोजलं असेल. मोजा परत. — तरी त्रेचाळीस? दाखवा. हां, हे होय. मॅडम, ह्याला पान म्हणतात का, तळहाताएवढा चिटोरा आहे. कोर्टातून देतो तो हजेरीचा दाखला — नोकरदार माणूस तारखेला आला की संध्याकाळी मागतो, साहेब, आज मी इथे होतो असं लिहून द्या, नाहीतर कामावर खाडा धरतात. आपण दोन ओळी लिहून देतो, खाली कार्बन घालतो, कार्बनची प्रत आपल्याकडे राहते. तीच ही. ती काही दाव्याची कागदपत्रं नव्हेत. यादीत नाही म्हणजे फायलीत नाही, सोपा हिशेब. एखाद्या दुसऱ्या दाव्यातून इकडे सरकली असेल. — नाव ह्याच दाव्यातल्या बाईचं आहे? असेल. एका नावाच्या छप्पन बायका असतात.

तारीखही बघितलीत. बघणारच, शिकलेल्या आहात.

मग बेचाळिसावं पानही बघितलंच असेल. नाही, मोठ्याने वाचू नका, मला पाठ आहे. 'वादी पुकारले असता गैरहजर. सबब दावा काढून टाकण्यात येत आहे.' आणि चिटोऱ्यावर, त्याच तारखेला, तीच बाई सकाळी साडेदहा ते सायंकाळी सव्वापाच या कोर्टात हजर. आता तुमच्या मनात आलंय ते बोलून टाका की. अक्षर एकच आहे, असंच ना? माझंच आहे. 'ह' असा पोटात वळवणारा या इमारतीत दुसरा कोणी नाही.

आता असं बघू नका, मी सांगतो. दार लोटून घ्या आधी, ती बाकावर आहे. दावा तुम्ही वाचलाच आहे — नवरा वारला, सासरच्यांनी सहा वर्षांची मुलगी ठेवून घेतली, आईला बाहेर काढलं. आई हातमोजे शिवायच्या कारखान्यात. ती कोर्टात आली, माझी मुलगी माझ्या ताब्यात द्या म्हणून. अशा दाव्यात शेवटची तारीख असते आईचं म्हणणं ऐकायची, न्यायाधीशच तिला समोर उभी करून विचारतात. ती तारीख ही. आता पुकारा म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय, शिपाई दारात उभा राहतो आणि नाव घेऊन तीनदा हाक मारतो. तीन हाकांत आला नाहीत की गैरहजर. व्हरांडा हा एवढा मोठा, गर्दी, पोरं रडतायत, त्यात शिपायाचा आवाज बारीक — नसेल ऐकू आलं तिला. असं होतं. कोपऱ्यात कुठेतरी बसली असेल.

नाही, तुम्ही म्हणताय तेही बरोबर, बाक दाराला लागूनच आहे.

बरं. मग असं धरा की न्यायाधीश घाईत होते. खरंच होते, बदली झाली होती त्यांची, बंगल्यावर सामान बांधायला माणसं आलेली. त्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत रोजनाम्याचा गठ्ठा मागवला आणि सटासट सह्या केल्या. रोजनामा म्हणजे दिवसभरात कोणत्या दाव्यात काय झालं ते — ते दिवस संपल्यावर लिहायचं असतं. पण दिवसाला चाळीस चाळीस दावे, सातपर्यंत बसणार कोण? न्यायाधीशांपुढे बसणारे सगळे बेंच कारकून — तेव्हा मीही त्यातलाच — सकाळीच लिहून ठेवतात. अमुक हजर, तमुक गैरहजर, पुढील तारीख अमुक. नव्वद टक्के बरोबर येतं. सवयीने कळतं हो कोण येणार, कोण नाही. त्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा वकील टेबलाशी आला, म्हणाला, ती बाई काही आज येत नाही, माहेरी गेलीय म्हणतात. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'पुकारले असता गैरहजर'. साडेदहा वाजायचे होते. ती तेव्हा बहुतेक जिना चढत असेल.

आणि पुकारलं कुणी? कुणीच नाही. शिपाई नव्हताच. कुठे होता? — कामाला गेला होता. सरकारी नाही हो, माझ्या. माझा चष्मा दुकानात दुरुस्तीला टाकला होता, तो आणायला मी त्याला पाठवलं. दुकान पलीकडच्या पेठेत, तो रमतगमत अडीचला परत आला. चष्मा मात्र छान झाला होता. दांडी अगदी नव्यासारखी.

बघा, मी एवढं कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही, आणि तुम्हाला बारा दिवसांत — तुम्ही गप्प बसता म्हणून होतं हे. गप्प माणूस समोर बसला की तोंड आपोआप सुटतं. वकिलांचीही हीच युक्ती असते.

सव्वापाचला मी कपाट लावत होतो. एक बाई दारात आली. पिशवी छातीशी धरलेली, आत यावं की नको अशी. म्हणाली, साहेब, आमचं नाव आज काही आलं नाही. मी वर न बघता म्हणालो, साहेब लवकर गेले, पुढची तारीख पोस्टाने कळेल. म्हणाली, मग कारखान्यात द्यायला दाखला देता का, नाहीतर खाडा पडतो. म्हटलं देतो, नाव सांगा. तिने सांगितलं. मी लिहिलं. सकाळी तेच नाव मी त्याच हाताने लिहिलं होतं, गैरहजर म्हणून, आणि संध्याकाळी हजर म्हणून लिहिताना हाताला काही कळलं नाही. चाळीस दाव्यांत ऐंशी नावं, कसं कळणार? ती म्हणाली, देव तुमचं भलं करो. चिठ्ठी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी फायली लावताना दोन्ही कागद समोरासमोर आले. अजून वेळ होती, न्यायाधीश दोन दिवस होते, जाऊन सांगता आलं असतं की चूक झाली, बाई हजर होती. पण मग विचारलं असतं, हजर होती तर तू गैरहजर कसं लिहिलंस, पुकारा कुणी केला, शिपाई कुठे होता. त्यांनीही न वाचता सही केलेली, म्हणजे त्यांनाही ते नकोच होतं. मी गेलो नाही. म्हटलं, बाई अर्ज करेल, दावा परत लागेल, तिचं होईल, आपलंही निभावेल.

तिने केला अर्ज. पाठीमागे आहे, एकोणचाळिसावं पान — रोजनामा सगळ्यात शेवटी लावतात, म्हणून अर्ज त्याच्या आधी. नवीन न्यायाधीश म्हणाले, रोजनाम्यात लिहिलंय पुकारले असता गैरहजर, तुम्ही हजर होता याचा काय पुरावा? ती म्हणाली, दाखला होता, कारखान्यात दिला. कारखान्यात विचारलं तर ते म्हणाले, असले कागद आम्ही महिन्याने फेकून देतो. मग ती माझ्याकडे आली. ह्याच खोलीत नाही, तिकडे, बेंचच्या टेबलाशी. म्हणाली, साहेब, तुम्ही लिहून दिला होता, खाली काळा कागद होता, त्याची प्रत असेल ना. तिने कार्बन बघितला होता. शिवणकाम करणारी बाई, तिचं लक्ष हाताकडे असतं. प्रत माझ्या खणात होती, मॅडम. गुडघ्यापासून वीतभर. मी म्हणालो, आम्ही असल्या प्रती ठेवत नाही.

तिने रडारड केली असती तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं. ती नुसती उभी राहिली. म्हणाली, पण मी तुमच्या समोर उभी होते ना? आणि मी — ऐका, मी काय म्हणालो ते — मी म्हणालो, बाई, इथे रोज शंभर माणसं उभी असतात.

अर्ज नामंजूर झाला. ते बघा, एक्केचाळिसावं. त्यात म्हटलंय, न्यायालयाच्या नोंदीवर अविश्वास दाखवण्यास कारण दिसत नाही. न्यायालयाची नोंद म्हणजे कोण? मी. पैसा खाल्ला असता तर निदान कशासाठी केलं ते तरी सांगता आलं असतं. चष्म्यासाठी केलं असं कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि फाडला का नाही, हेच विचारायचंय ना? घेतला होता फाडायला. दोन बोटांत धरला, नाही फाटला. कोर्टातला कागद फाडायचा नाही, हे हाडात मुरलंय. एका बाईची मुलगी गेली तरी चालेल, पण कागद फाडायचा नाही. म्हणून शेवटी फायलीत सारला, सगळ्यात मागे, यादीत न घालता, आणि फायल तळघरात गेली. थू असल्या सचोटीवर.

आता ती मुलगी आलीय. परवा खिडकीवर अर्ज मीच घेतला तिचा. पंचविशीची आहे. मी म्हटलं, एवढ्या जुन्या फायलीची नक्कल कशाला हवी ताई, तर म्हणाली, मला लहानपणापासून सांगितलंय की तुझी आई तारखेला आलीच नाही, कोर्टाच्या कागदावर तसं लिहिलंय. आई निरोप पाठवत राहिली की आले होते, मी कधी भेटले नाही तिला. आता ती आजारी आहे, एकदा येऊन जा म्हणते. म्हटलं आधी कागद बघते, मग जायचं की नाही ते ठरवते. असं म्हणाली. कागदावर विश्वास आहे तिचा. आणि मी काल बसून नीट टाइप केली, बेचाळीस पानं, एकही चूक नाही — चिटोरा वगळून.

मॅडम, तेरा दिवस राहिलेत माझे. तेरा. महिनाअखेरीस हार घालतील, नारळ देतील, संपलं. हा कागद बाहेर गेला तर चौकशी लागेल, माझी एकतीस वर्षं मातीत जातील. आणि ती बाई काय, एकोणीस वर्षं झाली, व्हायचं ते होऊन गेलं, मुलगी मोठी झाली, आता कुणाला परत सहा वर्षांची करणार? द्या इकडे तो. फाडत नाही, नुसता ठेवतो. द्या. — अगं, ऐक ना पोरी, तुला अजून तीस वर्षं काढायचीत इथे, पहिल्या महिन्यातच म्हाताऱ्याचा गळा धरलास तर लोक काय म्हणतील?

माफ करा. अगंतुगं करायला नको होतं मी.

काय टाइप करताय? त्रेचाळिसावं. — करा. दोन ओळींना किती वेळ लागतोय. यादीतही घाला मग, 'हजेरीचा दाखला, एक पान'. तिथे नाही, खाली. आणि काय बघताय? मी वाचू? हो, नियम तोच आहे, एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवायचं. कुणी पाळत नाही. — आणा. 'दाखला देण्यात येतो की, वर नमूद बाई या आज रोजी सकाळी साडेदहा ते सायंकाळी सव्वापाच वाजेपर्यंत या न्यायालयात — या न्यायालयात हजर होत्या.' मिळालं? मिळालं. आणा पेन. बेचाळिसाव्यावरही 'खरी प्रत', त्रेचाळिसाव्यावरही 'खरी प्रत', दोन्हीवर माझी सही. ही घ्या. आता तुम्ही करा, तुमच्यासमोर ताडलंय.

खिडकीवर तुम्ही जा. मी नाही येत. मी इथेच बसतो, कपाटाच्या आड. द्या तिला, पावतीवर सही घ्या, बास, जास्त बोलू नका.

— काय करतेय ती? पहिल्यापासून वाचतेय? नाही? शेवटचं आधी उघडलं? — गप्प आहे का रडतेय? — मूळ फायल बघायचीय म्हणते? दाखवा, आणि बसायला स्टूल द्या हवं तर. — काय म्हणाली, मला नीट ऐकू आलं नाही. दोन्हीकडे अक्षर एकच कसं? — तो 'ह' बघितला तिनेही.

कोण होता तो कारकून, विचारतेय? — सांगा, माहीत नाही. — सांगा ना. — बरं, सांगा, वारला. खूप वर्षांपूर्वी वारला म्हणून सांगा. — तुम्ही माझ्याकडे काय बघताय, तिकडे बघून सांगा तिला. वारला तो. — मॅडम, पाच वाजले, लावा ती खिडकी.